अर्ध्या इंचाचा रकाना

बाई, तुमच्या शोकसभेत मी उत्तम बोललो. हे मलाच सांगावं लागतंय, कारण एरवी माझ्या भाषणाची किंमत तुम्ही ठरवायचात. मागच्या रांगेत बसून, चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, "विलास, आवाज छान लागला. आता बोललास काय, ते सांग."

या वेळी मागच्या रांगेत कोणी नव्हतं. म्हणून मी सुटलो. हळदीच्या कार्यक्रमात निवेदक म्हणून नवरदेवाच्या मामाला जेवढं चढवतो, त्याहून जास्त तुम्हाला चढवलं. लोकांनी डोळे पुसले. आपल्या कॉलेजच्या त्या गळक्या हॉलमध्ये दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला देवी करून टाकलं.

आणि बॅनर! बाई, बॅनर तुम्ही बघायला हवा होता. ग्रुप फोटोतून तुम्हाला कापून काढलं होतं, त्यामुळे तुमच्या खांद्यावर प्राचार्यांचा अर्धा कोपर तसाच राहिला होता. वर समई, खाली कमळ, मधे लाल अक्षरांत 'थोर समाजसेविका'. समाजसेविका! ज्या शब्दावरून तुम्ही एका नगरसेवकाचा हार परत केला होतात. "मी कोणाची सेवाबिवा करत नाही," म्हणाला होतात, "मी विचारते. विचारायचा पगार घेते. हार कशाला?" बिचारा हार हातात धरून उभा राहिला आणि शेवटी तो त्याने माझ्याच गळ्यात घातला. तेवढ्यावरून मी वर्षभर मित्रांमध्ये मिरवलो.

पण बॅनर माफ. माफ नाही ते पुढे घडलं.

ज्या संस्थेने तुम्हाला खिंडवाडीचा, म्हणजे त्या आदिवासी वाडीतल्या मुली शाळा का सोडतात याचा, अभ्यास दिला होता, तिचे संचालक बोलायला उठले. माईक मीच त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, मॅडमचं अपुरं काम आम्ही पुस्तकरूपाने पूर्ण करतोय. नाव आहे 'पालकांची उदासीनता'. मुखपृष्ठावर मॅडमचा फोटो. आणि मागच्या पानावर, म्हणाले, मॅडमनी स्वतः टिपलेले एका आदिवासी मातेचे उद्गार. खिशातून कागद काढला आणि आवाज कापरा करून वाचलं:

"पोरीला शिकवून काय करायचं, शेवटी चूलच फुंकायची!"

हॉलभर "च् च् च्" झालं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर मान हलवून डोळे मिटले.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. माईक परत घ्यायचं विसरलो. कारण बाई, ते वाक्य कोणा मातेचं नव्हतं. ते माझं होतं.

आता जे लिहितोय, ते तुम्हाला जिवंतपणी सांगायचं होतं. हिंमत झाली नाही. माईकसमोर पाचशे माणसं असली तरी मला घाम फुटत नाही, पण तुम्ही एकट्या समोर असलात की माझी जीभ टाळूला चिकटायची. हे पहिल्या दिवसापासून.

पहिला दिवस आठवतो? मी बी.ए.ला, शेवटच्या बाकावर. तुम्ही फळ्यावर लिहिलंत 'आपल्या शहराची समस्या' आणि म्हणालात, सांगा. पोरं तुटून पडली. कचरा. नाल्याचा वास. बेकायदा मजले. दारू. बाहेरून आलेले लोक. हे शेवटचं बोलणाऱ्याचे आजोबा स्वतः फाळणीत बाहेरून आले होते. तुम्ही प्रत्येकापुढे एकच शब्द लिहीत गेलात: 'कोणाची?' कचरा कोणाची समस्या? टाकणाऱ्याची, उचलणाऱ्याची, की ज्याच्या दारात ढीग लागतो त्याची? मला वाटलं, आपली वेळ आली. उठून म्हणालो, "मॅडम, माझी समस्या म्हणजे तुमचा तास." हशा. तुम्ही न हसता म्हणालात, "बस. आजचं हे पहिलं प्रामाणिक उत्तर. निदान 'माझी' तरी म्हणालास."

त्या दिवसापासून मी तुम्हाला 'मॅडम' म्हणायचं सोडून 'बाई' म्हणायला लागलो आणि तुम्ही मला 'माईकवाल्या'. परीक्षेत समाजशास्त्रात मी काठावर पास झालो, पण स्कूटर माझ्याकडे होती आणि गावोगावी ओळखी आमच्या घराण्याच्या. बदलापुरात शिरगावला आमची शेती होती तेव्हापासून बारवी धरणाकडच्या वाड्यांमधून भाताच्या लावणीला माणसं यायची. आता शेतावर सात मजले उभे आहेत, त्यांतले दोन फ्लॅट आमचे आणि माणसं आमची कोणीच नाहीत. तरी वाडीत गेलं की "शिरगावचा ना तू?" म्हणतातच. तेवढ्या भांडवलावर मी तुमचा साहाय्यक झालो.

आमच्याच सोसायटीत तुम्ही केलेली गंमत अजून सांगतो मी लोकांना. चेअरमन तुम्हाला म्हणाले, "मॅडम, तुम्ही अभ्यासक, आमच्याकडे मोठी सामाजिक समस्या आहे. कामवाल्या बायका लिफ्ट वापरतात." तुम्ही गंभीरपणे वही काढलीत, लिहून घेतलंत, आणि त्यांना वाचून दाखवलंत: "समस्या: चेअरमन. वय साठ. लक्षण: लिफ्टने सातव्या मजल्यावर जाणारी बाई बघवत नाही." मग त्यांच्यापुढे पेन धरलंत. "चूक असेल तर दुरुस्त करा, सही करा."

ते वाचून दाखवणं! बाई, सगळ्या भानगडीचं मूळ तुमचं ते वाचून दाखवणं. बाकीचे अभ्यासक फॉर्म भरतात, गाडीत बसतात, जातात. तुमचा नियम वेगळा. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल ते खोडायचं. त्याशिवाय कागद वाडीबाहेर जायचा नाही. याला तुम्ही 'झडती' म्हणायचात. "आपण त्यांच्या घरात शिरून त्यांची झडती घेतो ना? मग त्यांनी आपल्या वहीची घ्यायची." त्या झडतीपायी अहवाल सहा-सहा महिने लांबायचे आणि संस्थेचे फोन माझ्यावर यायचे. मी वैतागायचो. "बाई, लोक स्वतःबद्दल चांगलं तेवढंच सांगणार. वाईट ते खोडायलाच लावणार." आपला हा वाद कधी मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, "खोडू देत. काय खोडलं, हीसुद्धा माहितीच."

खिंडवाडीचा फॉर्म आला तेव्हा तुम्ही बघताक्षणी भडकला होतात. सिंधी वस्तीतल्या, कॅम्प एकमधल्या तुमच्या खोलीत, शेजारच्या ईश्वरी आंटींनी दिलेली कोकी, म्हणजे त्यांची ती कांदा घातलेली जाड पोळी, पुढ्यात घेऊन आपण बसलो होतो. प्रश्न असा: 'सातवीनंतर मुलगी शाळेत न जाण्याचे कारण'. खाली चार चौकटी. पालकांची उदासीनता. दारिद्र्य. बालविवाह. आणि शेवटी 'इतर', त्यापुढे अर्धा इंच जागा.

तुम्ही चक्क पट्टी लावून मोजलीत. "अर्धा इंच! म्हणजे उत्तर यांनी आधीच छापून आणलंय आणि मला फक्त खुणा करायला पाठवतायत. उदासीनता पहिल्या नंबरवर. का? कारण ती धरली की कोणालाच काही करावं लागत नाही. पालकांना चार भाषणं द्यायची, फोटो काढायचा, मिटलं." आंटी तुम्हाला सिंधीत 'अदी', म्हणजे ताई, म्हणायच्या. त्या दारातून म्हणाल्या, "अदी, पहले खा ले. गुस्सा ठंडा नहीं होता, कोकी हो जाती है." तुम्ही हसलात, पण खाल्लं नाहीत. मी निघताना मला म्हणालात, "विलास, आपलं सगळं समाजशास्त्र या अर्ध्या इंचात आहे. तिथे लिहायला जागा पुरली नाही तर कागद उलटा कर."

आणि मी काय केलं?

मे महिना. तुमची परीक्षेची पर्यवेक्षणं लागली होती, म्हणून उरलेली अकरा घरं तुम्ही माझ्यावर सोपवलीत. मी निघालो. धरणाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो. ऊन असं की स्कूटरच्या सीटवर पापड भाजावा. संध्याकाळी अंबरनाथला हळदीचा कार्यक्रम होता. वाडी अजून तासभर वर. पहिला चहा घेताना मनात आलं, आधीच्या घरांचं तुम्ही लिहून घेतलंच आहे, ही अकरा काय वेगळं सांगणार. दुसऱ्या चहाला पहिला फॉर्म भरला. अकरा नावं यादीत होतीच. पहिल्या चौकटीवर खूण, पहिल्या चौकटीवर खूण, पहिल्या चौकटीवर खूण. सर्वांत वरची होती म्हणून, बाई. दुसरं काही कारण नाही. हात आपोआप तिथे जात होता. हे त्यांच्या छपाईचं कर्तृत्व आणि माझ्या आळसाचं.

शेवटचं नाव जानकीबायचं, मुलगी सुगंधा. तिथे माझ्यातला कलावंत जागा झाला. नुसत्या खुणा बऱ्या दिसत नाहीत म्हणून 'इतर'मध्ये बारीक अक्षरात एक संवाद टाकला. चुलीचा. अर्ध्या इंचात बरोबर बसला. मला स्वतःलाच इतका आवडला की टपरीवाल्याला वाचून दाखवला. तो "वा" म्हणाला. झडती झाली माझी!

भरलेल्या फॉर्मची एक प्रत थेट संस्थेत टाकायची, असा त्यांचा नियम. ती मीच दुसऱ्या दिवशी, झडतीची वाट न बघता, तुम्हाला न विचारता टाकली. मूळ गठ्ठा तुम्हाला दिला. तुम्ही एकेक उलटत गेलात, शेवटच्यावर थांबलात. तो चुलीचा संवाद दोनदा वाचलात. म्हणालात, "वाक्य फार सुंदर आहे."

"हो ना?" मी म्हणालो.

"इतकं तयार वाक्य माणसं बोलत नाहीत, विलास."

मी म्हणालो, "बाई, आईशप्पथ." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग गठ्ठा बाजूला ठेवून म्हणालात, "ठीक. झडतीला कळेलच. पावसाळा संपला की जाऊ."

पावसाळा संपला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. मी रोज यायचो आणि रोज एक नवा किस्सा सांगायचो. एकदा तुम्ही माझं बोलणं तोडून म्हणालात, "खिंडवाडीला जायचं राहिलंय. जानकीला येते म्हणून सांगितलंय." ती वेळ होती. खोलीत कोणी नव्हतं. सलाइन टिपटिप गळत होतं. तोंड उघडलं, आणि त्यातून त्या नगरसेवकाच्या हाराचा किस्सा बाहेर आला. तुम्ही हसलात. नंतर ठसका लागला. मी पाणी दिलं. बस, एवढंच.

म्हणून सांगतो, शोकसभेत ते वाक्य ऐकताना मला जो राग आला, त्याला कुठे धड जागाच नव्हती. संचालकांवर यावा, तर शब्द माझे. माझ्यावर यावा, तर 'उदासीनता' त्यांनी मी पेन उचलायच्या आधीच छापलेली. तुमच्यावर पण आला, बाई. तुम्हाला संशय होता तर माझी मानगूट का धरली नाहीत? मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. कोणी म्हटलं? ज्याने म्हटलं, त्याचं कोणी महत्त्वाचं काम अर्धं टाकून गेलं नसणार.

सभा संपल्यावर तडक कॅम्प एकला आलो. ईश्वरी आंटींनी कुलूप काढलं. "ले जा जो किताबें चाहिए, पुट. मालिक किसी और को कमरा दे रहा है." मग टेबलाखालून कापडी पिशवी काढली. "ये तेरी है. अदी बोली थी, विलास अपने आप आएगा तो देना. बुलाना नहीं."

पिशवीत खिंडवाडीचे मूळ फॉर्म होते. आणि माझे अकरा, वेगळे काढून, टाचणी लावून. वर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: 'हे अकरा झडतीला विलासने स्वतः वाचायचे.'

मी खाली बसलो. आंटींनी पाणी आणलं आणि त्या पण बसल्या. मग त्या म्हणाल्या, "डाँट पड़ी क्या?" मी म्हणालो, "हो." "अच्छा है," त्या म्हणाल्या, "मरने के बाद कौन डाँटता है आजकल."

दुसऱ्या रविवारी गेलो. टपरीवर थांबलो नाही. वाडीत समाजमंदिराच्या ओट्यावर माणसं जमली. पहिला प्रश्न जानकीबायचा. "बाय कुठं हाय?" मी सांगितलं. जानकीबाय उठून आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली, माझ्यापुढे ठेवलं आणि परत जागेवर बसली. "वाच," म्हणाली.

मी वाचायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा आवाज लावता येईना. नाव घ्यायचो, 'उदासीनता' म्हणायचो, अर्थ सांगायचो: म्हणजे तुम्हाला पोरीच्या शाळेचं काही पडलेलं नाही. पहिला माणूस गोंधळला. दुसरा हसला. चौथ्याने विचारलं, "ह्यो फारम भरला कवा? मी तं तुला आज बघतंय." मी म्हणालो, "मी आलोच नव्हतो. टपरीवर बसून भरले."

त्यानंतर जे झालं, ते माझ्या कुठल्याच किश्शात बसत नाही. शिव्या आल्या, त्या ठीक होत्या. एका म्हाताऱ्याने फक्त विचारलं, "शिरगावचा ना तू?" आणि मान फिरवली. ते ठीक नव्हतं.

शेवटी जानकीबायचा फॉर्म. चुलीचं वाक्य वाचलं. ती उभी राहिली. "असं मी बोलली? माझे तोंडात घातलंस ह्ये?" मग सुगंधाला हाका मारून बोलावलं. ती आली, हातात सातवीचा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेला. जानकीबाय म्हणाली, "आठवीची शाला दुपारची केली. सुटते पाच वाजता. जीप परत यायची शेवटची चारला. थंडीत सहाला कालोख. मधी रान. पोरीनं चालत यावं? तू येशील? आम्ही शालेत सांगितला, जीपवाल्याला सांगितला. पोरी थोड्या, तेवढ्यासाठी कोण थांबतंय? मंग घरी ठेवली. आता लिव."

'इतर'ची जागा माझ्या संवादाने भरलेली होती. तो खोडला. मग कागद उलटा केला आणि लिहिलं. पानभर झालं. म्हणाली, वाचून दाखव. वाचलं. एका ठिकाणी मी 'भीती वाटते' लिहिलं होतं. ती म्हणाली, "भ्या वाटत नाय, कालजी वाटतं. खोड." खोडलं. अकरा घरांत फिरून अकरा कागद उलटे केले. नऊ जणांनी तीच जीप सांगितली, आपापल्या परीने. एक एकशब्दी समस्या, बाई, चार चाकांची. ती उदासीनतेच्या चौकटीत कोंबली होती.

ते कागद घेऊन संचालकांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "अहो, अकरा फॉर्मने निष्कर्ष थोडाच बदलतो? आणि जीप हा काय अभ्यासाचा विषय आहे? त्याला व्यापकता नाही." व्यापकता! मी म्हणालो, व्यापकता त्या पोरींना विचारा, शाळेपासून रानातून तीन मैल आहे. म्हणाले, "पुस्तक छपाईला गेलंय. फार तर मॅडमचं नाव काढू." तुमचं नाव काढून खोटं तसंच ठेवणार होते, बाई! वर ते मोठ्या मनाने सांगत होते.

मी उठलो. म्हणालो, "सर, प्रकाशन समारंभाला निवेदक कोण आहे?"

"तुम्हीच की," ते म्हणाले.

"मग माईक माझ्याच हातात असणार," मी म्हणालो. "पहिलं वाक्य मी म्हणेन की मागच्या पानावरच्या या मातेला मिशा आहेत आणि ती शिरगावला राहते."

छपाई थांबलीय. रद्द झालेली नाही, थांबलीय. निवेदक बदलतील असंही कानावर आलं. म्हणून इथे लेखी देऊन ठेवतो: ते अकरा फॉर्म मी खोटे भरले आहेत. ते वाक्य माझं आहे. ज्याच्या हाती ते पुस्तक पडेल त्याने आधी हे वाचावं. शाळेची नाहीतर जीपची वेळ बदला, असा वाडीने अर्ज केलाय; त्याची एक प्रत शाळेत, एक जीपवाल्याकडे, एक पंचायतीत दिली आहे. दर सोमवारी तिघांच्या दारात जाऊन उभा राहतो. मी किती कंटाळवाणा होऊ शकतो, हे त्यांना अजून पुरतं कळलेलं नाही. तुम्हाला माहीत होतं.

आता हा लेख. हाही कोणाबद्दल तरी लिहिलेला कागद, म्हणजे झडती आली. ज्यांच्याबद्दल लिहिला त्यांना वाचून दाखवण्याची सोय तुम्ही ठेवली नाहीत. मग ज्या दोघी तुमच्या वतीने खोडू शकतील, त्यांच्याकडे गेलो. ईश्वरी आंटींनी ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: "खाया नहीं, ये गलत है. तेरे जाने के बाद दो कोकी खाई थी. लिख."

काल खिंडवाडीत जानकीबायला वाचून दाखवला. मूळ लेखाची सुरुवात मी फार जोरकस केली होती: 'बाई, तुम्ही आम्हाला सोडून गेलात.' ती म्हणाली, "ह्ये खोड."

म्हटलं, "का गं?"

"येतंय बोलली होती ती. अशी न सांगता जायची नाय. आली नाय, असं लिव."

मी तिला समजावणार होतो. मग नियम आठवला. पहिलं वाक्य खोडलं, आणि जिथे जागा होती तिथे, अगदी शेवटी, ती म्हणाली तसं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली. आता हा कागद वाडीबाहेर न्यायला हरकत नाही.

बाई, तुम्ही येते म्हणाला होतात. आला नाहीत.